इंद्रायणीत बोट कशाला?

नदीकाठ विकासाच्या आराखड्याची रंगीत चित्रे पाहिली की त्यात एक पांढरी बोट बहुधा असतेच. काठावर फरसबंद रस्ता, रस्त्याकडेला एका उंचीची झाडे, आणि निळ्याशार पाण्यात पंधरा-वीस प्रवासी घेऊन चाललेली छपराची बोट. पुण्यात मुळा-मुठेच्या चव्वेचाळीस किलोमीटर काठाचा प्रकल्प निघाला, पिंपरी-चिंचवडमध्ये पवना आणि इंद्रायणीच्या सुधारणेची चर्चा सुरू झाली आणि तळेगाव, इंदोरी, देहू, आळंदी या पट्ट्यातही ही बोट लोकांच्या बोलण्यात आली. ऐतिहासिक काठ आहे, संतांची नदी आहे, मुंबई-पुण्याहून सुट्टीच्या दिवशी माणसांचा लोंढा येतो. मग जलविहार का नको? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र हौसेवर सोडून चालणार नाही, ते पाण्यावर ठरते. माझ्या मते इंद्रायणीच्या या टप्प्यात पर्यटनाची बोट आणणे ही चूक ठरेल, आणि ती आणण्यासाठी जे करावे लागेल ते नदीला आणखी महागात पडेल. बोटीतून काठ पाहणे मुळातच चुकीचे असते, असा याचा अर्थ नव्हे. ते कुठे शोभते आणि का शोभते, हे आधी पाहू.

महाराष्ट्रात बोटीतून शहर पाहायचे तर मुंबई बंदरासारखी दुसरी जागा नाही. गेटवे ऑफ इंडिया आपण बहुतेक वेळा पाठीमागून पाहतो. टॅक्सीतून उतरायचे, सुरक्षेच्या रांगेतून आत शिरायचे आणि कमानीकडे बघायचे. पण त्या वास्तूचे तोंड समुद्राकडे आहे. 2 डिसेंबर 1911 रोजी पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा इथे पुठ्ठ्याची तात्पुरती कमान होती. पायाचा दगड 31 मार्च 1913 रोजी बसला, जॉर्ज विटेटचा आराखडा दुसऱ्या वर्षी मंजूर झाला आणि भराव, समुद्रभिंत वगैरे होऊन उद्घाटन झाले 4 डिसेंबर 1924 रोजी. म्हणजे ही वास्तू जहाजातून येणाऱ्याने पाहावी म्हणूनच बांधली होती. 28 फेब्रुवारी 1948 रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली तीही पाण्याकडेच. लाँच धक्क्यापासून सुटते तेव्हा खलाशी ओली दोरी खुंट्यावरून उचलून डेकवर फेकतो, इंजिनाची धडधड पायाखालच्या फळ्यांतून वर येते, बोट मागे सरकत वळते, आणि शे-दोनशे मीटर आत गेल्यावर गेटवे, 1903 चे ताज, शेजारी यॉट क्लब आणि त्यामागचे शहर ही सगळी रांग एका नजरेत येते. उत्तरेला नौदलाची गोदी दिसते. अठराव्या शतकात लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथे आले आणि त्यांच्या घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी 1817 साली पाण्यात उतरलेले ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पुढे बुचर बेटावरचे तेलाचे धक्के, आणि तासाभरात घारापुरी. ही सगळी कहाणी जमिनीवरून सांगता येते, पण दिसत नाही. समुद्राकडून आलेल्या माणसांनी, मालाने आणि आरमाराने जे शहर घडवले ते समुद्रातूनच नीट कळते. बोट इथे शोभेची वस्तू नाही, पाहण्याची योग्य जागा आहे.

आणि ही जागा फुकट मिळते, हा मुद्दा आराखडेवाले विसरतात. मुंबई बंदरात दिवसातून दोनदा भरती येते; मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढते आणि तितकेच उतरते. बोटीला लागणारी खोली कोणी धरण बांधून निर्माण केलेली नाही. शहराची घाण तिथेही जाते, किनाऱ्याला प्लास्टिक लागते, पण पाणी साचून राहत नाही. पणजीला मांडवीत संध्याकाळी बोटी फिरतात त्याचेही गणित हेच: तिथे मांडवीची खाडी झाली आहे, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यापुढे पाणी बारमाही असते. एवढे असूनही पावसाळ्यात समुद्र खवळला की गेटवेवरून मांडव्याला जाणारी वाहतूक तीन महिने बंद ठेवतात. जिथे पाण्याची ददात नाही तिथेही बोटीला ऋतू पाळावा लागतो.

आता इंद्रायणीकडे या. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम, कामशेतवरून तळेगावच्या उत्तरेने इंदोरी, मग देहू, आळंदी आणि तुळापूरला भीमेशी संगम. एकूण शंभरेक किलोमीटरचा प्रवास. नदी सह्याद्रीच्या माथ्यावरची, म्हणजे पावसाळ्यात अंगावर येणारी. तिच्या मागे हिमनदी नाही. जून ते सप्टेंबर जे पडेल ते पडेल, बाकी आठ महिने धरणे सोडतील तेवढे. त्यातही उगमाकडचे पाणी सगळे इंद्रायणीच्या वाट्याला येत नाही. टाटांनी वळवणला धरण बांधले आणि लोणावळा, शिरोता या तलावांसह ते पाणी घाटाखाली खोपोलीला वीज निर्माण करायला नेले. खोपोलीचे केंद्र 1915 साली सुरू झाले, मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, आणि भीमेकडे जायचे पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीकडे जाऊ लागले. बोट तरंगवू शकेल असे इंद्रायणीचे पाणी थोडेफार असेल तर ते शंभर वर्षांपासून कोकणातच उतरते आहे, असे थोड्या खवचटपणे म्हणता येईल. जे उरते त्यावर शेती, गावांच्या नळयोजना, औद्योगिक वसाहती आणि आता पिंपरी-चिंचवड अवलंबून आहे. आंद्रा धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच वाहत येते, निघोजेजवळच्या बंधाऱ्यावरून उचलले जाते आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध होऊन शहराच्या नळाला जाते. म्हणजे उन्हाळ्यात तळेगावखालचे हे पात्र एका अर्थाने पिण्याच्या पाण्याचा उघडा पाट आहे. त्यात डिझेलची बोट फिरवायची कल्पना ज्याला सुचते त्याने तो नळ कुठून येतो हे विचारलेले नसते.

इथला काठ पूर्वी बांधला त्यांना नदीचा हा स्वभाव ठाऊक होता. इंदोरीची गढी पाहा. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी 1720-21 च्या सुमारास ती नदीकाठी उभारली. तळात घडीव दगड, वर विटांचे काम, भक्कम दरवाजा, आत कडजाई देवीचे स्थान. सत्तेचे हे ठाणे नदीला लागून आहे, पण नदीच्या कलाने उंचावर बसलेले आहे. पाण्यात उतरणारा धक्का त्याला नाही, कारण इथून कोणी गलबताने गुजरातच्या स्वारीवर निघत नव्हते. देहू-आळंदीला काय आहे? घाट आहेत. घाट म्हणजे पाण्याची पातळी कितीही बदलली तरी माणसाला पाण्यापर्यंत पोचता यावे अशी रचना. श्रावणात वरच्या पायरीवर अंघोळ करायची, वैशाखात खाली उतरून डोहाशी जायचे. आळंदीत दर पावसाळ्यात पात्रातले भक्त पुंडलिकाचे मंदिर पाण्याखाली जाते, घाट बुडतो, पाणी ओसरले की गाळ धुऊन पुन्हा वापर सुरू होतो. जेट्टी भरती-ओहोटीच्या सहा तासांना उत्तर देते. घाट बारा महिन्यांच्या चढउताराला. दोन्ही सारख्याच शहाणपणाच्या गोष्टी आहेत, फक्त त्यांची अदलाबदल करता येत नाही. या काठाचे दर्शन पायऱ्यांवर उभे राहून, चालत, बसून घ्यायचे असते. ज्ञानेश्वरांच्या समाधीपासून घाटापर्यंत किंवा देहूच्या देवळापासून डोहापर्यंत जाताना नदी हळूहळू उलगडते. पात्राच्या मधोमध, पाच-सात मीटर उंच दरडींच्या खाली तरंगणाऱ्या बोटीतून दिसेल ती दरड, बाभळी आणि नाल्यांची तोंडे.

यावर पहिला आक्षेप येतो तो साबरमतीचा. अहमदाबादेत तर साबरमती उन्हाळ्यात कोरडी वाळू होती. तिथे 2012 पासून देखणा नदीकाठ आहे, 2023 मध्ये जेवणाची बोटसुद्धा सुरू झाली. मग इथे का नाही? साबरमतीचे ते पाणी मुळात साबरमतीचे नाही. नर्मदेच्या कालव्याचे पाणी आणून वासणा बराजच्या मागे अडवले आहे, म्हणून शहराच्या मध्यभागी नदी भरलेली दिसते. बराजच्या खाली त्याच नदीत सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी इतके जात होते की 2021 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. अहमदाबादला नर्मदेचा कालवा उशाला आहे. मावळात तो कुठून आणणार? आंद्रा, वडिवळे, पवना यांच्या पाण्यावर शेतकरी आणि नगरपालिका आधीच दावा सांगून आहेत. त्यातले पाणी बोटीसाठी वर्षभर अडवून ठेवायचे तर कोणाचे तरी आवर्तन कापावे लागेल. आणि बंधाऱ्याशिवाय मार्ग नाही, कारण इंदोरी-कुंडमळ्याच्या भागात पात्र कातळाचे आहे, पाण्याने भोवरे घालून कोरलेले कुंड आहेत, मधेच गुडघाभर तर मधेच पुरुषभर पाणी.

बंधारा बांधला की पाणी थांबते, आणि थांबलेल्या पाण्यात आज काय येते ते बघायला तज्ज्ञ लागत नाही. आळंदीत गेल्या काही वर्षांत वारीच्या आणि कार्तिकीच्या तोंडावरही नदीवर पांढऱ्या फेसाचे थर आले, वारकऱ्यांनी त्या फेसातच स्नान केले, छायाचित्रे देशभर छापून आली. मग नेहमीचे झाले: महापालिकेने वरच्या गावांकडे बोट दाखवले, गावांनी कारखान्यांकडे, कारखान्यांनी महापालिकेकडे. खरे तर तिघांचीही बोटे बरोबर दिशेला होती. तळेगाव, चाकण, चिखली, कुदळवाडी या सगळ्या पट्ट्यात घरे आणि कारखाने ज्या वेगाने वाढले त्या वेगाने मैलापाण्याच्या वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे झाली नाहीत. वाहत्या नदीत हे पाणी निदान पुढे सरकते. अडवले की त्यावर जलपर्णी माजते आणि तिच्याखाली डास. उन्हाळ्यात पवनेच्या काठी राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो मराठी मुलखातलाच आहे. पंढरपूरला चंद्रभागेत होड्या चालतात की! पिढ्यान्‌पिढ्या कोळी नावाडी वारकऱ्यांना विष्णुपदाला, गोपाळपूरकडे नेतात. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 पासून नदीत वल्ही मारतो आहे आणि त्यांचा रेगाटा हा शहराचा सोहळा आहे. इतकेच काय, तुळापूरच्या संगमावर मुरार जगदेवाने हत्तीची तुला केली तेव्हा शहाजीराजांनी हत्ती नावेत चढवून पाण्याची खूण धरली आणि मग तितके दगड भरून वजन काढले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. नाव या नद्यांना परकी नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण ही उदाहरणे काय सांगतात ते नीट वाचावे. पंढरपूरची होडी सपाट तळाची, बांबूने ढकलायची, पाणी असेल तेव्हाच चालणारी. उजनीतून पाणी सुटले तर नावाड्याची चूल पेटते, नाही सुटले तर होडी वाळूत उपडी पडते. तिथे नदी होडीसाठी बदललेली नाही, होडी नदीसारखी झाली आहे. बोट क्लबला जे स्थिर पाणी मिळते ते बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे. तो एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून छावणीच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला. तेव्हा वरचे पुणे लाखभर वस्तीचेही नव्हते. तोच बंधारा आज अर्ध्या शहराचे सांडपाणी अडवून ठेवतो आणि मुलांना जलपर्णीतून वाट काढावी लागते. हे उदाहरण बोटीच्या बाजूने देणाऱ्याने एकदा एप्रिलमध्ये संगमावर नाक उघडे ठेवून उभे राहावे.

पंढरपूरच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. तळेगावच्या नाल्यातून इंद्रायणीत जे जाते ते तुळापूरला भीमेत मिसळते, भीमेतून उजनीत साठते आणि उजनीतून सुटून चंद्रभागेत पोचते. आळंदीहून पालखी पायी जाते, तिच्या आधी आपले पाणी तिथे पोचलेले असते. पंढरपूरच्या नावाड्याबद्दल ज्यांना कौतुक आहे त्यांनी मावळात बोट सुरू करण्याऐवजी मावळातले मैलापाणी थांबवले तर त्या नावाड्याला जास्त उपयोग होईल.

तिसरा आक्षेप रोजगाराचा आणि पर्यटकांचा. लोक पाण्याकडे येतातच. त्यांना सोय दिली नाही तर ते धोका पत्करतील, त्यापेक्षा परवाना, जाकीट, तिकीट असलेली बोट काय वाईट? याला कुंडमळ्याने फार कडू पुरावा दिला आहे. 15 जून 2025, रविवार. दुपारी इंद्रायणीवरच्या जुन्या लोखंडी पुलावर पर्यटकांची गर्दी झाली, दुचाक्याही चढल्या आणि पूल कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक होता. नवा पूल मंजूर होता, बांधला गेला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, 30 जून 2024 रोजी, याच नदीच्या उगमाकडे भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आक्षेप घेणाऱ्यांचे पहिले वाक्य यातून खरे ठरते: पाणी पाहायला माणसे येणारच. पण दुसरे वाक्य खरे ठरत नाही. जी यंत्रणा रविवारी एका पुलाच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करू शकली नाही, ती बोटीतले प्रवासी मोजेल, इंजिन तपासेल आणि धरणातून पाणी सुटल्याचा निरोप वेळेत तांडेलापर्यंत पोचवेल, यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? उजनीच्या फुगवट्यावर 21 मे 2024 रोजी कळाशी आणि कुगाव यांच्यामध्ये वादळात बोट उलटून सहा जण बुडाले. मुंबई बंदरात तर नियम आहेत, मेरीटाइम बोर्ड आहे, तटरक्षक दल हाकेच्या अंतरावर आहे. तरी 18 डिसेंबर 2024 रोजी इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या नीलकमलवर आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसे त्या बोटीत होती, जाकिटे सर्वांच्या अंगावर नव्हती. मुंबईत हे घडते म्हणून तिथल्या बोटी बंद करा असे कोणी म्हणणार नाही. त्या वाहतुकीला शंभर वर्षांची सवय आणि कुशल माणसे आहेत. इथे दोन्ही शून्यापासून उभे करायचे आहे.

ज्येष्ठांना घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत, त्यांच्यासाठी तरी बोट हवी, असेही म्हणतात. बोटीत बसायलाही खालीच उतरावे लागते, आणि डगमगत्या फळीवरून चढावे लागते. त्यांच्यासाठी हवा तो सौम्य उताराचा रस्ता, कठडा, बसायला सावलीतले बाक आणि स्वच्छ शौचालय. या गोष्टींचे रंगीत चित्र आकर्षक होत नाही, एवढाच त्यांचा दोष.

नदीकाठ देखणा झाला की पुढे काय होते, तेही चिखलीत दिसून गेले. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या जागेत, प्लॉट पडले आणि बंगले उभे राहिले. हरित न्यायाधिकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात कायम राहिल्यावर मे 2025 मध्ये महापालिकेने छत्तीस बंगले पाडले. आयुष्याची पुंजी घातलेल्या माणसांची घरे जमीनदोस्त झाली. प्लॉट पाडणारे आणि बांधकामाकडे डोळेझाक करणारे त्या यंत्रांसमोर नव्हते. नदी हे ‘लोकेशन’ झाले की पूररेषेवर रेटा येतो. बोट, रोषणाई, विहारपथ ही त्या ‘लोकेशन’ची जाहिरात आहे. काठ भरून उंच केला, पात्र आवळले आणि त्यावर विहारपथ बांधला की पुराचे पाणी समोरच्या काठावरच्या गावात शिरते.

मग तळेगावकरांनी पाण्यात विहार करूच नये का? अवश्य करावा. गावात दाभाड्यांच्या काळापासूनचे तळे आहे. साठलेले पाणी, माहीत असलेली खोली, पुराचा लोंढा नाही. गाळ आणि सांडपाणी यांचा बंदोबस्त करून तिथे चार वल्ह्याच्या होड्या ठेवल्या तर मुलांना नाव वल्हवता येईल आणि बाणेश्वराच्या परिसराला शोभाही येईल. बोटीतून शहराचा इतिहास पाहायची हौस असेल तर मुंबई इथून सव्वाशे किलोमीटरही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हवेत, साध्या दिवशी, सकाळची पहिली लाँच धरावी. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेवढे लक्षात ठेवावे आणि जाकीट मागून घ्यावे. आणि इंदोरीची गढी, देहूचा डोह, आळंदीचा घाट, तुळापूरचा संगम या जागा पायांनी पाहायच्या आहेत. त्यासाठी गावागावांतून नदीकडे जाणाऱ्या जुन्या वाटा मोकळ्या हव्यात, गढीच्या तटाची डागडुजी हवी, कुंडमळ्याला पक्का पूल आणि सुट्टीच्या दिवशी पहारा हवा. बाकीचा सगळा पैसा जमिनीखालच्या वाहिन्यांत घालावा.

नदीकाठाच्या आराखड्यांवर नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात, आणि बहुतेक वेळा फार थोडी माणसे त्या लिहून देतात. पुढच्या वेळी अशी नोटीस निघेल तेव्हा चित्रातल्या बोटीबद्दल एवढेच विचारा: वैशाखात ही बोट कोणत्या धरणाच्या पाण्यावर तरंगणार आहे, आणि तिच्या वरच्या अंगाला किती नाल्यांचे पाणी शुद्ध होऊन नदीत येते? उत्तर लेखी मागा, पोच घ्या आणि ते मिळेपर्यंत आराखड्याला संमती देऊ नका.